तिळगूळ आणि कॉन्कॉर्डियाचं देऊळ

पार्टीत कुणी नवीन भेटलं की हा प्रसंग हमखास घडायचा. "काय करता आपण?" "हायस्कूलमध्ये शिकवते." "अरे वा, मॅथ?" "लॅटिन." मग समोरचा माणूस हातातल्या प्लेटकडे बघायला लागायचा. पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा तर म्हणाला होता, "डान्स का, काकू?" माझ्या एकूण आकाराकडे नजर गेल्यावर त्याला आपला प्रश्न चुकल्याचं कळलं असावं, कारण त्याने ताबडतोब समोसे कुठून आणले याची चौकशी केली.

या जूनमध्ये मी निवृत्त झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये बावीस वर्षं लॅटिन शिकवलं. आम्ही राहतो श्रूजबरीला, शाळा जवळच्याच एका गावात. मी मूळची संस्कृतची. नवऱ्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आले, नोकरीची परवानगी नाही, दाराबाहेर गुडघाभर बर्फ. लायब्ररीत एक दिवस लॅटिनचं व्याकरण हाती लागलं आणि उघडून बघते तर सगळ्या विभक्त्या माहेरच्या माणसांसारख्या ओळखीच्या. ग्रीन कार्ड आल्यावर परीक्षा दिल्या, शिक्षकाचं लायसन काढलं. माझं करिअर एवढंच आहे, आणि ते सांगून झालं.

आता कामाबद्दल. कुणीच बोलत नसलेली भाषा शिकवण्याचे फायदे पुष्कळ असतात. उच्चार चुकला म्हणून हसायला कुणी नाही, आणि "आमच्याकडे असं म्हणत नाहीत" असं सांगायला रोमहून कुणी येत नाही. वाक्य समोर ठेवायचं, शेवटी जाऊन आधी क्रियापद पकडायचं, मग ते कुणी केलं ते शोधायचं. अमेरिकन मुलं या शेवटच्या क्रियापदापायी घायकुतीला यायची. मराठी घरातल्या मुलांना त्याचं काही वाटायचं नाही. एकजण म्हणाला होता, "माय मॉम टॉक्स लाइक धिस. सगळं ऐकल्यावर एंडला कळतं की ती ओरडतेय." लॅटिनच्या बाईंना मुलं 'मजिस्ट्रा' म्हणतात. त्यामुळे आठवड्यात मी मजिस्ट्रा आणि शनिवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याच मुलांची काकू. या दोन खुर्च्या निराळ्या ठेवाव्यात हे मला फार उशिरा सुचलं, ते पुढे येईलच.

लॅटिनच्या शिक्षकाकडे गावातली गिऱ्हाइकंही येतात. मुख्यतः टॅटूसाठी. एकदा दोन भाऊ आले. दोघांचा मिळून प्लंबिंगचा धंदा, आणि बरेच दिवस अबोला होऊन नुकताच समेट झालेला. त्यांना अंगावर 'शांती' गोंदवून घ्यायची होती. मी म्हटलं, पॅक्स लिहू नका. रोमन लोकांचा पॅक्स म्हणजे करार. बहुतेक वेळा जिंकलेला तो सांगणार आणि हरलेला मान डोलावणार. एकाच घरात, एकाच गावात राहणाऱ्यांमध्ये जे लागतं त्याला त्यांचा शब्द वेगळा, कॉन्कॉर्डिया. मनं एकत्र असणं. तिची त्यांनी देवी केली होती, भर बाजारपेठेत देऊळ होतं, नाण्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात असायचे. गंमत म्हणजे आपसातली मारामारी जेवढी जोरात, तेवढी नाण्यांवर ही देवी जास्त दिसते. ते मी त्या भावांना सांगितलं नाही. थोरल्याने अक्षरं मोजली, नऊ भरली. शेवटी धाकट्याने दंडावर गोंदवलं आणि थोरल्याने पोटरीवर, कारण दंडाला दंड लावून फोटो काढण्याइतका समेट अजून झालेला नव्हता.

वर्गात मी दर ऑक्टोबरला एक नाटक करायचे. चिठ्ठ्या टाकून चार मुलं पॅट्रिशियन, म्हणजे खानदानी. बाकीची प्लेबियन, सामान्य जनता. खानदान्यांना बसायला उशा, गृहपाठ माफ. जनतेला दुप्पट गृहपाठ. तिसऱ्या दिवशी जनतेच्या लक्षात यायचं की आपण उठून जाऊ शकतो, आणि सगळी वरात फुटबॉल मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. खरे प्लेबियन असेच रोम सोडून डोंगरावर जाऊन बसले होते. मग सिनेटचा, म्हणजे खानदान्यांच्या सभेचा, दूत त्यांना पोटाची गोष्ट सांगायला जायचा: हातापायांनी पोटाविरुद्ध संप केला, पोट उपाशी राहिलं आणि हातपायच गळाले. एका वर्षी एका मुलीने वरच्या पायरीवरून विचारलं, "सो द स्टमक नेव्हर हॅज टू से सॉरी?" दूत माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, गोष्टीने मनं वळली असतील, पण लोक खाली उतरले ते स्वतःचे अधिकारी मिळाल्यावर, वरच्यांना तोंडावर 'नाही' म्हणू शकतील असे. हे मी वर्षानुवर्षं शिकवत होते, आणि तरी माझ्या हातून जे व्हायचं ते झालंच.

ती गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची. अकरावीच्या वर्गात माझ्याकडे दोन मराठी मुलं होती. अन्वी, आईवडील नागपूरचे, दोघंही आयटीत. मुलगी अबोल, पण लॅटिन वाक्य तिच्या हातात दिलं की ते मांजरासारखं मांडीवर येऊन बसायचं. दुसरा रोहन. उमदा, बोलका, आणि माझ्या मैत्रिणीचा, मेधाचा मुलगा. मेधा आणि मी तेव्हा अठरा वर्षांपासूनच्या मैत्रिणी. रोहनचा जन्म झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये डिंकाचे लाडू घेऊन गेलेली मीच.

दर हिवाळ्यात आमच्या भागातल्या शाळांची लॅटिन भाषणाची स्पर्धा असते. भाषण स्वतः लिहायचं, निवड झाली तर एप्रिलमध्ये मोठ्या सभागृहात म्हणायचं. मी अन्वी आणि रोहनची जोडी लावली होती. विषय होता: यादवीत हद्दपार झालेली माणसं परत आली आहेत, त्यांची घरं त्यांना परत द्यावीत का? अन्वीने भाषण लिहिलं, घरं द्यावीत या बाजूने. ते मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला. ते म्हणून दाखवायचं काम रोहनचं, कारण अन्वीला लोकांसमोर उभं राहणं म्हणजे शिक्षा. फॉर्मही रोहननेच भरला, शेवटच्या दिवशी. लेखक म्हणून एकच नाव घालायला जागा होती. त्याने आपलं घातलं.

जानेवारीत भाषणाची निवड झाली. सकाळच्या घोषणांमध्ये रोहनचं नाव वाचलं गेलं, कॉरिडॉरमध्ये मुलं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. तास संपल्यावर अन्वी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मजिस्ट्रा, इट्स माय स्पीच." एवढंच म्हणाली. मग दप्तराचा पट्टा पिळत राहिली.

नियम सरळ होता. असं काही कळलं की शिक्षकाने ते वर कळवायचं आणि बाजूला व्हायचं. पण मी हिशेब केला. रोहनची कॉलेजच्या अर्जांची वेळ आठ-नऊ महिन्यांवर आलेली. चौकशी झाली तर रेकॉर्डवर येणार. मेधा कोसळणार. दोन्ही मुलं आपली, आईवडील एकमेकांच्या ओळखीचे, आणि शनिवारी मंडळाची संक्रांत. मी स्वतःशी म्हटलं, घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू. हा विचार मला इतका शहाणपणाचा वाटला की त्या रात्री झोपही छान लागली.

शनिवारी मी वूस्टरच्या इंडियन स्टोअरमधून चिक्कीचा गूळ आणून लाडू वळले. हॉलमध्ये एकीकडे हळदीकुंकू चाललं होतं, एकीकडे लहान मुलांना हलव्याचे दागिने घालून फोटो. मी दोन्ही कुटुंबांना कोटांच्या रॅकजवळ एका कोपऱ्यात बोलावलं. थोडक्यात सांगितलं की फॉर्मचा जरा घोटाळा झालाय, मुलं आहेत, होतं असं. रोहन मान खाली घालून "सॉरी" म्हणाला. मी दोघांच्या हातावर लाडू ठेवला आणि म्हटलं, "चला, तिळगूळ घ्या, गोड बोला. अन्वी, मिटलं ना? इट्स ओके ना बेटा?" अन्वीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मेधाकाकूंकडे पाहिलं. "इट्स फाइन, काकू," ती म्हणाली. तिच्या बाबांनी "चलो, बढिया" म्हणून टाळी वाजवली. मेधाने माझा हात घट्ट दाबला. माझा जीव भांड्यात पडला. भाषणावरचं नाव तसंच राहिलं, पण त्याबद्दल कोपऱ्यात उभ्या असलेल्या सातजणांपैकी कुणीच काही बोललं नाही. मी तर नाहीच.

मार्चमध्ये अभ्यासक्रमात त्या देवळाची कथा आली. गरिबांना जमिनी मिळाव्यात म्हणून झगडणारा एक पुढारी आणि त्याची माणसं रोमच्या रस्त्यात मारली गेली. ज्या कॉन्सुलने, म्हणजे त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याने, ती कापाकापी करवली त्यानेच नंतर सिनेटच्या सांगण्यावरून कॉन्कॉर्डियाचं देऊळ बांधलं. सलोख्याचं. प्रेतं नदीत टाकून झाली होती, आता सगळ्यांनी गोड व्हायचं होतं. कुणीतरी त्या देवळावर गुपचूप लिहून ठेवलं की हे सलोख्याचं देऊळ वेडाचाराने उभं केलंय. मी हे फार रंगवून सांगायचे. चाचणीत शेवटचा प्रश्न घातला होता: हे देऊळ कोणासाठी होतं?

बाकीच्यांनी अर्धं अर्धं पान लिहिलं. अन्वीने एक वाक्य लिहिलं होतं, इंग्रजीत. अर्थ असा की ज्यांनी बांधलं त्यांना बरं वाटावं म्हणून.

उत्तर बरोबर होतं. मी पूर्ण मार्क दिले आणि पुढचा पेपर घेतला. मग तो खाली ठेवून पुन्हा अन्वीचा उचलला. कोटांचा रॅक, हातावरचा लाडू, तिचं आईकडे पाहणं, सगळं एकदम समोर आलं. त्याच आठवड्यात समुपदेशकाकडून कागद आला होता, पुढच्या वर्षी कोण कोण लॅटिन घेणार नाही त्याचा. अन्वीचं नाव त्यात पहिलं होतं. मी ते वाचलं होतं आणि तिला सायन्सचा लोड असेल असं समजून फाइलला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला थांबवून घेतलं. म्हटलं, "अन्वी, जानेवारीत मी तुला विचारायला हवं होतं."

"यू डिड आस्क," ती म्हणाली. आवाज शांत होता, त्याने जास्त लागलं. "तुम्ही विचारलं, इज इट ओके. सगळ्यांच्या समोर. माझ्या हातात लाडू होता. व्हॉट वॉज आय सपोज्ड टू से?"

 मी विचारलं, "तुला काय हवंय? त्याला शिक्षा?"

"नो. आय जस्ट वॉन्ट माय नेम ऑन इट."

दोन महिने मी सगळ्यांची काळजी केली होती, रोहनच्या कॉलेजची, मेधाच्या रक्तदाबाची, मंडळाच्या वातावरणाची. या मुलीला एवढीच गोष्ट हवी होती आणि ती मी एका शब्दाने विचारली नव्हती. मला तिच्यासमोर रडू आलं. तिने टिश्यूचा बॉक्स पुढे केला, माझ्याच टेबलावरचा.

त्या संध्याकाळी आधी मेधाकडे गेले. तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सांगितलं की उद्या मी शाळेत सगळं सांगणार आहे, माझ्या वागण्यासकट.

"अगं पण हे मिटलं होतं ना?" मेधा म्हणाली. "तूच मिटवलंस!"

"मी त्याच्यावर पांघरूण घातलं, मेधा. मिटवलं नाही."

"सहा महिन्यांत त्याचे अर्ज जायचेत. तुला कळतंय का तू काय करतेयस? तुझ्या मांडीवर वाढलाय तो." तिने गॅस बंद केला, पुन्हा चालू केला. मग म्हणाली, "तू जा आता." मी कोट न घालता, हातात घेऊनच बाहेर पडले.

सकाळी प्रिन्सिपलकडे जायला निघाले तर वर्गाच्या दारात रोहन उभा. मला वाटलं, हा आता गयावया करणार, आणि मी विरघळणार. माझा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता.

"मजिस्ट्रा, आईने सांगितलं," तो म्हणाला. "थँक गॉड."

मला वाटलं मी काहीतरी भलतंच ऐकलं.

"मी रोज प्रॅक्टिस करतो आणि रोज त्याच लाइनला अडकतो. मला ती लाइन का लिहिलीय तेच कळत नाही. अन्वीला विचारायचं होतं, पण कसं विचारू यार? आम्ही बोलतच नाही. म्हणजे बोलतो. हाय, हॅलो, खूप नाइसली. इट्स हॉरिबल." त्याने खिशातून फोन काढून दाखवला. स्पर्धेच्या आयोजकांना त्याने पहाटेच ईमेल केला होता: भाषण माझं नाही, अन्वीचं आहे, नाव मी चुकीचं घातलं आणि नंतर गप्प बसलो. "आधी कॉन्कॉर्ड झालं होतं ना, मग मी ते कसं मोडणार? सगळे एवढे हॅपी होते." सोळा वर्षांचा मुलगा दोन महिने ते भाषण गळ्यात घेऊन फिरत होता, कारण मोठ्यांनी मिठाई वाटून विषय बंद केला होता. मी त्याला जवळ घेतलं. इथे शाळेत असं करत नाहीत, पण केलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. प्रिन्सिपलनी मला समोर बसवून विचारलं की तुम्हाला नियम माहीत नव्हता का. होता, म्हटलं. माझ्या फाइलला एक पत्र लागलं आणि बावीस वर्षांच्या नोकरीतलं ते एकमेव पत्र अजून तिथे आहे. रोहन स्वतःहून पुढे आला म्हणून शाळेने प्रकरण घरच्या घरी ठेवलं, पण वर्षभर स्पर्धांना बंदी घातली. आयोजक सभ्य होते, तरी नाव बदलायची मुदत उलटून गेली होती. भाषण बाद झालं. अन्वीला एप्रिलमध्ये कुठलंच सभागृह मिळालं नाही, आणि ते माझ्यामुळे. जानेवारीत तोंड उघडलं असतं तर मिळालं असतं. याची रुखरुख जात नाही.

तरीही घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "हुश्श." त्याने कसली हुश्श म्हणून विचारलं, कारण त्याच्या मते आमचं सगळं बिघडलंच होतं.

मे महिन्यात माझा सिनेट-डे असतो. मुलं चादरींचे टोगे, म्हणजे रोमन झगे, नेसून येतात, पालक मागे बसतात, आणि वर्षाचं शेवटचं काम म्हणून सिनेट भरते. त्या वर्षीचा विषय मी अन्वीचाच ठेवला: परत आलेल्यांची घरं. तिला विचारून ठेवला, बंद दाराआड, हातात काही न देता. ती दोन दिवस विचार करून हो म्हणाली. रोहनने विरुद्ध बाजू मागून घेतली आणि भाषण स्वतः लिहिलं. विभक्तीच्या चुकांनी भरलेलं, पण त्याचं.

पालकांमध्ये मेधाही आली. मार्चपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. नेमकी रिकामी खुर्ची माझ्या शेजारचीच उरली, ती तिथे पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली.

फलकावर भाषणाचं नाव होतं आणि खाली अन्वीचं पूर्ण नाव, तिने स्वतः लिहिलेलं. ती कागद समोर धरून उभी राहिली. पहिली चार वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत. पाचव्या वाक्याला ती कागद खाली ठेवून बोलायला लागली. मग रोहन उठला: त्या घरांत आता जी माणसं राहतायत, त्यांचीही मुलं तिथेच जन्मली, त्यांना कुठे घालवणार? अन्वीने त्याला मध्येच तोडलं. त्याने तिला तोडलं. लॅटिन केव्हाच संपलं, इंग्रजी सुरू झालं, मग रोहनच्या तोंडून "अगं पण ऐक ना!" बाहेर पडलं आणि ती मराठीत ओरडली, "तू ऐक आधी! तू कधी ऐकतोस?" वर्गातली मुलं बाकं बडवायला लागली. अन्वीचा चेहरा लालबुंद झाला होता आणि इतका मोठा आवाज तिच्याजवळ आहे हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. एक दिवस आधीच ती समुपदेशकाकडे जाऊन पुढच्या वर्षीच्या यादीत आपलं नाव परत घालून आली होती.

मेधा माझ्याकडे झुकली. दोन महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य. "अगं, थांबव ना त्यांना. केवढ्याने भांडतायत!"

सवयीने मी अर्धी उठलेही होते. मग पुन्हा खाली बसले.

"असू दे," मी म्हटलं. "भांडू दे."